खांब, हौदा आणि 'आतली' विद्या : महाराष्ट्रातील तालीम व चीनमधील अंतर्गत युद्धकला यांच्या पारंपरिक प्रशिक्षणाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

साक्री तालुक्यातील पिंपळनेर हे पांझरा नदीच्या वरच्या खोऱ्यातील गाव आहे. तेथून दक्षिणेस शेलबारीचा घाट ओलांडला की ताहाराबाद, सटाणा, कळवण या वाटेने सप्तशृंग गडाकडे जाता येते. चैत्र पौर्णिमेच्या उत्सवासाठी खानदेशातील हजारो भाविक दरवर्षी गडाकडे पायी निघतात. देवीच्या या गडाशी मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाची कथाही निगडित आहे. शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत ही कथा एका परिच्छेदात उरकली जाते आणि लगेच मल्लखांबाचे प्रकार व स्पर्धेचे नियम सुरू होतात. वास्तविक पाहता, कौशल्य कोणाकडून, कसे आणि किती काळाने हस्तगत होते, याविषयीची एक संपूर्ण धारणा या कथेत दडलेली आहे.

अशीच एक कथा चीनमध्येही आढळते. तेथील ताइची, शिंगयी व बागुआ या तीन युद्धकलांना मिळून 'नेइजिया' म्हणजे 'अंतर्गत घराणे' असे म्हणतात. स्नायूंच्या उघड बळापेक्षा शरीराची आतली जुळणी, श्वास, तोल आणि प्रतिस्पर्ध्याच्या हालचालीची स्पर्शाने होणारी जाणीव यांवर या कलांचा भर असतो. प्रस्तुत लेखात या दोन परंपरांतील प्रशिक्षणपद्धतीचा तुलनात्मक विचार केला असून, विसाव्या शतकात या पद्धतींचे सार्वजनिकीकरण होत असताना त्यांतील काय टिकले व काय सुटले, हा मुख्य प्रश्न आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बोधिधर्माने भारतातून चीनमध्ये युद्धकला नेली आणि म्हणून सर्व चिनी युद्धकलांचे मूळ भारतीय आहे, असे विधान आपल्याकडील लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते. बोधिधर्माचा काळ पाचव्या-सहाव्या शतकातील मानला जातो. त्याच्या नावाशी व्यायामविद्या जोडणारा 'यीजिनजिंग' हा ग्रंथ मात्र १६२४ सालच्या सुमाराचा आहे. मधली सुमारे हजार वर्षे कोणत्याही विश्वसनीय पुराव्याने भरून निघत नाहीत. स्वदेशाभिमानास हे विधान सुखावणारे असले तरी इतिहासलेखनास त्याचा उपयोग नाही. येथील तुलना उगमाची नसून पद्धतीची आहे.

दोन डोंगर, दोन स्वप्ने

मल्लखांबाची प्रचलित कथा दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील आहे. निजामाच्या राज्यातील अली आणि गुलाब हे दोन मल्ल पेशव्यांच्या दरबारी आले आणि त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले. ते स्वीकारण्यास कोणी पुढे येईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने तयारीसाठी मुदत मागून घेतली व तो सप्तशृंग गडावर जाऊन उपासनेस बसला. तेथे त्यास मारुतीचा दृष्टान्त झाला आणि लाकडी खांबावरील पकडी त्यास शिकविण्यात आल्या. परत येऊन त्याने गुलाबास चीत केले. अलीने कुस्ती घेतलीच नाही.

चीनमधील कथा १६६९ सालच्या एका मृत्युलेखात आढळते. ह्वांग झोंगशी या विद्वानाने वांग झेंगनान या मल्लाच्या स्मरणार्थ तो लिहिला. त्यात 'अंतर्गत' आणि 'बाह्य' असा भेद प्रथमच स्पष्टपणे मांडलेला आहे. वुदांग पर्वतावरील झांग सानफेंग या योग्यास सम्राटाचे बोलावणे येते. रस्ता बंद असल्याने तो वाटेत थांबतो. रात्री स्वप्नात देव येऊन त्यास मुष्टिविद्या शिकवितो आणि दुसऱ्या दिवशी तो एकटा शंभराहून अधिक दरोडेखोरांना ठार करतो, असा तो वृत्तांत आहे.

डोंगर, एकांत, देवतेचा दृष्टान्त आणि लगोलग मिळालेला विजय हे चारही घटक दोन्ही कथांत सारखेच आहेत. हे साम्य कोणी कोणाकडून घेतल्याचे लक्षण मानण्याचे कारण नाही. ज्या विद्येचा गुरू सांगता येत नाही, तिचा गुरू देव असतो, एवढाच त्याचा अर्थ. किंबहुना दोन्ही कथा एका अवघड वस्तुस्थितीवर पडदा टाकतात. ती वस्तुस्थिती अशी की, असे कौशल्य एका रात्रीत कोणासही आलेले नाही.

इतिहासाच्या कसोटीवर दोन्ही कथा टिकत नाहीत. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात, म्हणजे इ.स. ११३० च्या सुमारास, मल्लांच्या व्यायामप्रकारांत स्तंभश्रमाचा उल्लेख आहे. याचा अर्थ बाळंभटदादांनी नवीन विद्या निर्माण केली नसून, खंडित वा क्षीण झालेल्या परंपरेस पुन्हा आकार दिला. चीनमध्ये तांग हाओ या संशोधकाने १९३० च्या दशकाच्या प्रारंभी हेनान प्रांतातील चेन कुलाच्या गावी प्रत्यक्ष जाऊन कागदपत्रे तपासली आणि ताइचीचा संबंध झांग सानफेंगशी नसून सतराव्या शतकातील चेन वांगतिंग याच्याशी असल्याचे प्रतिपादन केले. डग्लस वाइल यांच्यासारख्या अभ्यासकांनी १६६९ च्या लेखामागील राजकीय आशयही दाखवून दिला आहे. ह्वांग झोंगशी हा मिंग राजवटीचा निष्ठावंत होता आणि मांचू सत्ता परकीय होती. त्यामुळे 'आतले' व 'बाहेरचे' हा भेद केवळ व्यायामाचा राहत नाही.

'मेहनत' आणि 'गोंगफू'

आपल्याकडे 'कुंग फू' या नावाने चित्रपटांमुळे रूढ झालेला शब्द मुळात 'गोंगफू' असा असून त्याचा अर्थ लढाई असा नाही. वेळ व श्रम घालून कमावलेले नैपुण्य, हा त्याचा अर्थ आहे. तालमीच्या बोलीत व्यायामास 'मेहनत' म्हणतात आणि 'तालीम' हा शब्दही मूळ अरबीतील शिक्षण या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. नाटकाची तालीम आणि कुस्तीची तालीम यांना मराठीने एकच शब्द ठेवला, यातही एक समज आहे. पुन्हा पुन्हा केल्याशिवाय अंगात मुरत नाही, ही ती समज.

तालमीतील प्रशिक्षणाचा क्रम ठरलेला असे. नवा पोर आला की त्यास थेट डाव शिकविला जात नसे. पहाटे हौद्याची माती उकरणे, ती सारखी करणे, तीत तेल, ताक, हळद यांसारखे पदार्थ मिसळणे ही कामे त्याच्याकडे येत. फावड्याने माती उकरणे हाच त्याचा पहिला व्यायाम ठरे. त्यानंतर जोर, बैठका, सपाट्या यांची संख्या हळूहळू वाढविली जाई. मग जोडीदाराबरोबर जोर करणे, म्हणजे निकालाचा हेतू न ठेवता प्रत्यक्ष झटापटीचा सराव, सुरू होई. डाव आणि त्याची तोड यांची ओळख या टप्प्यावर होत असे, आणि तीही वस्तादाच्या मर्जीने. कोणास काय शिकवावे, किती शिकवावे आणि कधी थांबावे, याचा निर्णय सर्वस्वी त्याचा असे.

या व्यवस्थेत दोष नव्हते असे नाही. मर्जीतून पक्षपात जन्मत असे, तालमीचा दरवाजा सर्व जातींना आणि स्त्रियांना सारखा उघडा नव्हता, आणि वस्तादाच्या मृत्यूबरोबर काही डाव कायमचे जात. चेन कुलातही विद्या दीर्घकाळ गावाबाहेर जाऊ दिली गेली नाही. यांग लूचान (१७९९ ते १८७२) हा बाहेरचा माणूस तेथे चेन चांगशिंगकडे शिकला, ही घटना अपवादात्मक मानली गेल्यामुळेच त्याने चोरून पाहून विद्या मिळविल्याची कथा रचली गेली. गुप्ततेचा गौरव करणाऱ्यांनी तिची किंमतही लक्षात घ्यावयास हवी.

शिवाय, तालीम हे शरीरकौशल्याच्या शिक्षणाचे एकमेव केंद्र होते असे मानणे पश्चिम खानदेशाच्या बाबतीत तर चुकीचेच ठरेल. साक्री-नवापूरच्या डोंगरपट्ट्यातील भिल्ल समाजात धनुष्यबाणाचे शिक्षण कुटुंबात व रानात होत असे. त्यास हौदा नव्हता आणि वस्तादही नव्हता. याच कौशल्याची व भूप्रदेशाच्या ज्ञानाची दखल घेऊन आउट्रॅमने १८२५ मध्ये धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. पुढे १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने शस्त्र बाळगण्यावरच बंधने आली आणि पटा, भाला, बोथाटी यांचे शिक्षण युद्धाकडून खेळाकडे वळले. हा विषय स्वतंत्र अभ्यासाचा आहे.

खांबावर चढणे आणि खांब होणे

दोन्ही परंपरांतील सर्वांत बोलका दुवा खांबाचा आहे. चिनी अंतर्गत कलांत 'झान झुआंग' नावाचा पायाभूत सराव असतो. शब्दशः त्याचा अर्थ खांबासारखे उभे राहणे असा आहे. गुडघे किंचित वाकवून, पाठीचा कणा सरळ ठेवून, हात छातीसमोर धरून विद्यार्थी काही मिनिटांपासून सुरुवात करतो आणि काही महिन्यांनी तो अर्धा-पाऊण तास निश्चल उभा राहू लागतो. पाहणाऱ्यास यात काहीच घडताना दिसत नाही. आत मात्र नको असलेला ताण कोठे आहे, भार कोणत्या पायावर आहे, खांदे का वर उचलले गेले आहेत, याची जाणीव हळूहळू तीव्र होत जाते. शिंगयीमध्ये 'सानती' नावाच्या एकाच पवित्र्यात दीर्घकाळ उभे केले जाते, तर बागुआचा साधक वर्तुळाकार चालत राहतो. चिनी भाषेत साध्या स्नायुबळास 'ली' म्हणतात आणि अशा सरावातून घडलेल्या, सर्व शरीराच्या जुळणीतून येणाऱ्या बळास 'जिन' म्हणतात. यात गूढ असे काही मानण्याचे कारण नाही. नवख्याने पोते उचलणे आणि मुरलेल्या हमालाने ते उचलणे यांतील फरक बाजारात रोज दिसतो.

महाराष्ट्रात माणूस खांब होत नाही, तो खांबास भिडतो. मल्लखांबाचा खांब सागाचा किंवा शिसवीचा, खाली जाड व वर निमुळता असून त्यास मान आणि माथ्यावर बोंड असते. ही ठेवण शोभेची नसून प्रतिस्पर्ध्याच्या शरीराची आहे. त्यास एरंडेल चोळून गुळगुळीत करतात. अशा निसरड्या खांबावर अढी घालताना मांड्यांची पकड किती आवळावी आणि केव्हा सोडावी, हे कोणी सांगून समजत नाही. जास्त आवळले तर पुढची हालचाल अडते, कमी आवळले तर माणूस घसरतो. दसरंग, बगली, फरारे, वेल, सुईदोरा या प्रकारांत हीच परीक्षा वेगवेगळ्या अंगांची होते.

तथापि खांब मुका असतो. तो चूक दाखवितो, पण उत्तर देत नाही. उत्तर देणारा जोडीदार हौद्यात भेटतो. कुस्तीच्या प्रारंभी सलामी झाल्यावर दोन्ही मल्ल एकमेकांच्या मानेवर, मनगटावर, दंडावर हात टाकून जी खडाखडी करतात, तीत डाव क्वचितच असतो. समोरच्याचा भार कोठे आहे, तो पुढे येणार की मागे हटणार, त्याचा दम कितपत टिकेल, हे हाताने वाचले जाते. ताइचीतील 'तुइशोउ' हा दोघांनी हात लावून करावयाचा सराव नेमका याच हेतूचा असून, त्यातून येणाऱ्या जाणिवेस चिनी परिभाषेत 'ऐकणे' म्हणतात. कानाने नव्हे, कातडीने. सोमेश्वराच्या ग्रंथातील श्रमांच्या यादीत भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम व स्तंभश्रम यांच्याबरोबर बाहुपेल्लणकश्रम, म्हणजे बाहूंनी एकमेकांस रेटण्याचा श्रम, आहे ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे. बाराव्या शतकातही खांब आणि जोडीदार या दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासक्रमात होत्या.

म्हणून 'आतली' विद्या म्हणजे नेमके काय, याचे उत्तर श्वासाच्या वा शक्तीच्या गूढ कल्पनांत शोधण्यापेक्षा प्रशिक्षणाच्या या रचनेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. एकट्याने करावयाचा संथ सराव, त्यानंतर दुसऱ्या देहाच्या स्पर्शाने होणारी त्याची तपासणी, पुन्हा एकट्याचा सराव, आणि या सर्वांवर वर्षानुवर्षे एका जाणत्या व्यक्तीची नजर, अशी ती रचना आहे.

छापील पुस्तक, कवायत आणि गुण

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही समाजांवर दुर्बलतेचा आरोप होत होता. चीनला 'आशियाचा आजारी पुरुष' म्हटले जाई, तर हिंदी माणूस बलहीन असल्याचे इंग्रज अधिकारी सांगत. त्यास उत्तर म्हणून शांघायमध्ये १९१० साली जिंगवू संस्था आणि अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंच्या पुढाकाराने श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे, तर नानजिंगची मध्यवर्ती राष्ट्रीय युद्धकला संस्था १९२८ ची. सुन लूतांग याने १९१५ मध्ये शिंगयीवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे बागुआ व ताइचीवरही लिहिले. बडोद्यात प्रा. माणिकरावांनी सांघिक व्यायाम व भारतीय आज्ञांची कवायत रूढ केली आणि १९३६ पासून आबासाहेब मुजुमदार यांच्या संपादनाखाली 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत प्रसिद्ध होऊ लागला. बाळंभटदादांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी काशीत आखाडा उभारून विद्येचा प्रसार केला होता, तो एकेका शिष्याच्या द्वारे. आता तोच प्रसार पानापानांनी होऊ लागला.

या कार्याचे मोल कमी लेखता येणार नाही. वस्तादाच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या शाळकरी मुलांपर्यंत पोहोचली ती यामुळेच. १९३६ च्या उन्हाळ्यात बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या मंडळाच्या चमूने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. त्याच शहरात, त्याच निमित्ताने, चीनचा नऊ जणांचा युद्धकला चमूही प्रात्यक्षिके करीत होता आणि त्यांत तीन स्त्रिया होत्या. दोन पराभूत देशांच्या तालमी एका उन्मत्त राजवटीच्या राजधानीत परक्या प्रेक्षकांस आपले सामर्थ्य दाखवीत होत्या, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

प्रात्यक्षिकास मात्र स्वतःची अशी मागणी असते. जे दूरवरून दिसते ते टिकते. मल्लखांबावरील उडी दिसते, खडाखडीतील हाताचा दाब दिसत नाही. ताइचीचा संथ क्रम शंभर जणांस एकत्र शिकविता येतो, तुइशोउ शिकविण्यास प्रत्येकास हात लावावा लागतो. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने ताइचीचा चोवीस हालचालींचा सुलभ क्रम तयार केला आणि तो जगभर पसरला. आपल्याकडे १९५८ मध्ये राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेच्या वेळी मल्लखांबाचा समावेश झाला, १९८१ मध्ये त्याची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि २०१९ मध्ये मुंबईत पहिली जागतिक स्पर्धा भरली. कुस्तीगिराचे साधन असलेला खांब स्वतःच साध्य झाला. आज मल्लखांबपटूची परीक्षा जेमतेम दीड मिनिटाच्या संचात होते. त्यांतील बहुतेकांनी कुस्ती खेळलेली नसते आणि खेळण्याची अपेक्षाही नसते. त्यांच्या अंगची लवचीकता व धैर्य पूर्वीच्या मल्लांपेक्षा कदाचित अधिकच असेल. पण ते वेगळे कौशल्य आहे, हे मान्य करावयास हवे. दोन्ही देशांत एकट्याने करण्याचा भाग लोकप्रिय झाला आणि दोघांनी करण्याचा भाग त्यापासून सुटला.

याउलट जोडीदाराचा भाग कुस्तीत टिकला, पण तेथेही जागा बदलली. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरले तेव्हा मातीत घडलेल्या त्यांच्या शरीरास ती नवखी होती. तरीही ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. मातीतील कौशल्य गादीवर नेता येते, हे या दोन निकालांनी दाखविले. मात्र मधली चार वर्षे त्यासाठी लागली. गुणांच्या आणि घड्याळाच्या कुस्तीत खडाखडीस वेळ दवडणे परवडत नाही. निष्क्रिय राहिल्याबद्दल पंच ताकीद देतो. जे 'ऐकणे' मातीत कौशल्य होते, ते गादीवर दोष ठरू शकते.

खानदेशातील दंगल

खानदेशात यात्रेच्या अखेरीस होणाऱ्या कुस्त्यांस 'दंगल' म्हणतात. रोख रक्कम किंवा भांडी असे इनाम असते. मैदान नांगरून केलेले, प्रेक्षक गोल बसलेले, हलगी-ढोल वाजत असलेले. बहुतेक लढती चितपटीवर सुटतात आणि दोघेही तुल्यबळ असले तर पंच बरोबरीत सोडवितात. येथे खांब नसतो आणि गुणफलकही नसतो. जुन्या प्रशिक्षणाचा जोडीदाराचा अर्धा भाग असा यात्रेत राहिला आहे आणि खांबाचा अर्धा भाग शहरांतील क्रीडासंकुलांत गेला आहे. गावातील तरुण आता सैन्य व पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करतात. त्यांस हौद्यापेक्षा रस्ता अधिक उपयोगाचा आहे, आणि त्यात त्यांचे चुकते असे म्हणता येणार नाही.

इतिहासाच्या साधनांच्या दृष्टीने ही स्थिती चिंतेची आहे. बागुआचा आचार्य दोंग हायचुआन १८८२ मध्ये वारल्यावर पुढील वर्षी त्याच्या शिष्यांनी बीजिंगमध्ये शिलालेख उभारला आणि त्यावर शिष्यांची नावे कोरली. आजही त्या शिळेवरून परंपरेचा पट मांडता येतो. खानदेशातील तालमींची अशी शिळा नाही. सनावळ्या, जमाखर्चाच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या, भिंतीवरील तसबिरी आणि वृद्ध वस्तादांच्या आठवणी एवढीच साधने येथे आहेत, आणि त्यांतील शेवटचे साधन दरवर्षी कमी होत आहे. दंगलीत मल्ल आत उतरला की ध्वनिक्षेपकावरून निवेदक त्याचे नाव पुकारतो, मग गावाचे, मग तालमीचे आणि शेवटी वस्तादाचे. तेवढ्यात दुसरा मल्ल उतरतो, हलगीचा ठेका बदलतो आणि कागदावर कोणी काही लिहून घेण्यापूर्वी सलामी झालेली असते.